देव पाण्यात, मुलगा परीक्षेत

मराठीत नोकरी ‘मिळवली’ असे म्हणणारे फार थोडे. आपल्याकडे नोकरी ‘लागते’. भूक लागते, ठेच लागते, लॉटरी लागते, तशीच नोकरीही लागते. शेजारच्या घरातून पेढे आले की ‘कुणाला लागली?’ हा पहिला प्रश्न आणि ‘कुठे लागली?’ हा दुसरा. जिला लागली तिने किती वर्षे रात्री जागून काढल्या, हे ते क्रियापद सांगत नाही. कुठून तरी काहीतरी आले आणि येऊन चिकटले, एवढेच ते सांगते. गंमत अशी, की महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन आमच्या पिढीतल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी बँकेच्या नोकरीचे दार सताड उघडले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी आमच्याकडे लॉटरीचे तिकीट आणि परीक्षेचे हॉल तिकीट एकाच देव्हाऱ्यात, एकाच तसबिरीमागे ठेवले जाई.

ज्या भाषेत नोकरी लागते, त्या भाषेत ती लागावी म्हणून देवाला साकडेही घातले जाणारच. घरोघरच्या या साकड्यांची यादी केली तर ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची निघेल. मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या तळहातावर आई दही-साखर ठेवते. देवापुढे सुपारी ठेवली जाते. कुलदैवताचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधला जाऊन शर्टाच्या खिशात जातो. निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. निघालेल्याला ‘कुठे?’ असे विचारायचे नाही. तिघांनी मिळून बाहेर पडायचे नाही, कारण तीन तिघाडा काम बिघाडा. काही घरांत त्या दिवशी अंडे शिजत नाही, कारण त्याचा आकार शून्यासारखा. बंगाली घरांत ही अंड्याची समजूत फार पक्की, आणि तिथे दही तळहातावर न ठेवता त्याचा टिळा कपाळाला लावतात. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी, याकडे डोळे लावून बसायचे. शेवटी निकाल लांबला की देव पाण्यात जातात. हल्ली हा वाक्प्रचार मंत्रिपदाची वाट पाहणाऱ्या आमदारांसाठी वर्तमानपत्रांत वापरला जातो. पण मूळ तो आपल्याच घरातला. मुलाचे काम होईपर्यंत देवालाही ताम्हनात गार पाण्यात बसवून ठेवण्याची ही प्रेमळ जबरदस्ती आहे.

घराबाहेर पडले की देवळे आहेतच. मुंबईत प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला मंगळवारी पहाटेपासून जी रांग लागते, तिच्यात हातात फाइल घेतलेली मुले हटकून दिसतात. १८०१ मध्ये बांधले गेलेले हे मूळचे लहानसे देऊळ. तिथल्या उंदराच्या कानात आपली इच्छा सांगायची पद्धत आहे आणि सांगताना उंदराचा दुसरा कान हाताने झाकायचा, म्हणजे एका कानातून शिरलेले दुसऱ्यातून निसटत नाही. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागातल्या अभ्यासिकांत दिवस काढणारी मुले दगडूशेठच्या किंवा सारसबागेच्या गणपतीला जाऊन येतात. हैदराबादजवळ उस्मानसागर तलावाकाठी चिलकूरचा बालाजी आहे. परदेशी नोकरीसाठी व्हिसा हवा असलेल्या संगणक अभियंत्यांनी त्याला ‘व्हिसा बालाजी’ करून टाकले. मागणे मागताना ११ प्रदक्षिणा, आणि काम झाल्यावर येऊन १०८. विशेष म्हणजे या देवळात हुंडी नाही. देव पैसे घेत नाही, फक्त चालायला लावतो. पंजाबात जालंधरजवळ तल्हण गावच्या गुरुद्वारात परदेशी जाऊ इच्छिणारी मुले खेळण्यातली विमाने वाहतात.

हे सारे वाचून घरात दोन तट पडतील, हे मला ठाऊक आहे. एक तट म्हणेल, ‘काय हा मागासलेपणा! एकविसाव्या शतकात दही खाऊन नोकऱ्या लागतात का?’ दुसरा म्हणेल, ‘श्रद्धेची चेष्टा नको. आमच्या मावशीच्या मुलाचे काम संकष्टीला झाले.’ या दोन्ही तटांशी माझे पूर्णपणे जमत नाही. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेत काढल्यामुळे कुठल्याही व्यवहारात घेणारा कोण, देणारा कोण आणि बुडाले तर बुडणार कोणाचे, हे पाहण्याची खोड मला लागली आहे. या प्रश्नाकडेही मी तसेच पाहणार आहे.

आधी मागासलेपणाचा मुद्दा निकालात काढू. जपानइतका यंत्रकुशल आणि शिस्तीचा देश शोधून सापडणार नाही. तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षात नोकरी शोधण्याचा हंगामच असतो. काळे सूट घातलेली हजारो मुले एकाच वेळी कंपन्यांचे उंबरे झिजवतात आणि १ एप्रिलला एकदम रुजू होतात. ही मुले देवळांत जातात, लाकडी पाट्यांवर इच्छा लिहून टांगतात. नाणे टाकायचे तर पाच येनचे, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ चांगला ऋणानुबंध. परीक्षेच्या आदल्या दिवशी कटलेट घातलेला भात खायचा, कारण कटलेटला म्हणतात ‘कात्सु’ आणि कात्सु म्हणजे जिंकणे. किटकॅट या चॉकलेटचे नाव तिथल्या ‘कित्तो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, या शब्दांच्या जवळचे; म्हणून परीक्षार्थींना ते भेट दिले जाते. परीक्षेला बसणाऱ्या मुलासमोर ‘पडणे’, ‘घसरणे’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. आपल्या ‘जातो’ आणि ‘येतो’ची ही सख्खी बहीणच.

जपानी विद्यार्थ्यांच्या या देवाची कथा तर फारच बोलकी आहे. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला मोठा विद्वान आणि दरबारी. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याविरुद्ध सम्राटाचे कान भरले. ९०१ मध्ये त्याला राजधानीतून दूर दाझाइफूला धाडले गेले आणि दोन वर्षांनी तिथेच तो मरण पावला. त्यानंतर राजधानीवर संकटे कोसळू लागली. हा त्याच्या आत्म्याचा कोप आहे असे मानून त्याला देवपद देण्यात आले. आज देशभरच्या तेनमानगू देवळांत मुले त्याच्यापुढे यशासाठी हात जोडतात. म्हणजे ज्याच्याकडे नोकरी मागायची, त्या देवाची स्वतःचीच नोकरी कटकारस्थानात गेली होती! मला वाटते, म्हणूनच मुलांना तो आपला वाटत असावा. विद्वत्ता असूनही माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक?

तेव्हा शिक्षण वाढले, यंत्रे आली, की हे सारे आपोआप जाईल, ही समजूत सोडलेली बरी. हे टिकते ते का, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका मानववंशशास्त्रज्ञाने दिले आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला होता. तिथले लोक दोन ठिकाणी मासेमारी करत. एक, किनाऱ्याजवळच्या शांत खाजणात. तिथे मासे हमखास मिळत, जिवाला धोका नसे, आणि तिथे मंत्रतंत्र जवळजवळ नव्हते. दुसरे, उघड्या समुद्रात. तिथे वारा, लाटा, आणि मासे मिळतील न मिळतील याचा भरवसा नाही. तिथे मात्र पावलोपावली विधी होते. माणसे तीच, होड्या बांधण्याचे कौशल्य तेच. जिथे कौशल्याचा हात पोहोचत नाही, तिथे मंत्राचा हात पुढे होत होता. कोळी मूर्ख नव्हते. समुद्र बेभरवशाचा होता.

आता आपल्या मुलांचा समुद्र पाहू. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशात पोलीस शिपायांच्या साठ हजारांवर जागांसाठी परीक्षा झाली. अर्जदार होते ४८ लाखांच्या आसपास. पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. आपल्याकडे आरोग्य विभागाच्या २०२१ च्या भरतीचे पेपर फुटल्याचे उघड झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला होणारी म्हाडाची परीक्षा पेपरफुटीमुळे आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. तेव्हा कितीतरी मुले एसटीत आणि रेल्वेत होती, काही केंद्राच्या गावी मुक्कामाला पोहोचली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि पुण्यात नवी पेठेत मुले रस्त्यावर बसली.

अशा परीक्षेसाठी ज्याने तीन वर्षे अभ्यास केला आहे, त्याच्या हाती काय उरते? अभ्यास त्याच्या हाती आहे. पेपर फुटणार नाही हे त्याच्या हाती नाही. परीक्षा ठरल्या दिवशी होईल, निकाल वेळेवर लागेल, कोणी न्यायालयात जाऊन नेमणुका अडकणार नाहीत, वयोमर्यादा संपण्याआधी पुढची जाहिरात येईल, यांतले काहीच त्याच्या हाती नाही. खाजणातली मासेमारी आम्ही केली. या मुलांना आम्ही उघड्या समुद्रात लोटले आहे आणि वर विचारतो आहोत, ‘एवढा शिकलेला तू, मंगळवारी रांगेत कशाला उभा राहतोस?’

आम्ही खाजणात होतो हेही थोडे सांगायला हवे. बँकेची भरती परीक्षा मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिली. आईने देवापुढे सुपारी ठेवली होती, दही-साखर दिली होती. मुलाखतीचे पत्र आले, नेमणुकीचे पत्र आले. गर्दी तेव्हाही होती. पण एकदा पत्र आले, की ते आलेले असे. मला नोकरी लागल्यावर आई कुलदेवीची ओटी भरून आली आणि सुपारीचा विषय संपला. माझ्या यशात सुपारीचा वाटा किती, याचा हिशेब आईने कधी मागितला नाही आणि मी दिला नाही.

पुढे नव्वदच्या दशकात निवड समितीवर बसण्याचे प्रसंग आले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हा मामला पाहायला मिळाला. कपाळावर पुसट कुंकू, मनगटाला नवा लाल दोरा, बोटात चकचकीत पुष्कराज अशी मुले समोर येऊन बसत. एकाच्या बाहीवर दह्याचा वाळलेला डाग होता. घरून घाईने निघाला असणार. या खुणा पाहून आम्ही कोणाला गुण दिले नाहीत आणि कापलेही नाहीत. मात्र त्या टेबलावर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नशीब नावाचे काहीतरी असते, आणि ते आकाशात नसते, टेबलाच्या या बाजूला बसलेले असते. सकाळी अकराला आलेल्या मुलाला आम्ही हसून बसवत असू. दुपारी साडेचारला आलेल्या तिसाव्या मुलाच्या वेळी एक सदस्य घड्याळाकडे पाहत असे. एखाद्याला आपल्याच जिल्ह्याचा म्हणून एक सोपा प्रश्न जास्त जाई. शेवटची जागा ज्याला मिळाली आणि यादीत त्याच्या लगेच खाली जो राहिला, त्यांच्यात गुणवत्तेचा फरक होता असे शपथेवर कोणीही सांगू शकले नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतल्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, तो निर्णय म्हणूनच मला मनापासून पटला. नशिबाची एक खुर्ची तरी त्यामुळे कमी झाली.

मग दही-साखरेचा काहीच उपयोग नाही का? विज्ञानाने यातही डोके घातले आहे. २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही लोकांच्या हाती गोल्फचा चेंडू देऊन सांगितले, ‘हा चेंडू आजवर लकी ठरला आहे.’ काहींना तसे काही सांगितले नाही. ज्यांना सांगितले त्यांचे चेंडू खळग्यात जास्त वेळा गेले. लकी वस्तूने आत्मविश्वास वाढतो आणि त्यामुळे हात स्थिर राहतो, असा निष्कर्ष निघाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो आनंदाने छापला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोच प्रयोग जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो फरक काही दिसला नाही. दुसऱ्या बातमीला पहिल्याइतकी जागा मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

म्हणजे दह्याने गुण वाढतात असे सिद्ध झालेले नाही. पण दही गुण वाढवण्यासाठी देतात, ही समजूतच मुळात अपुरी आहे. आईला त्या मुलाखतीतले काही कळत नसते. चालू घडामोडी ती विचारू शकत नाही, गणिताची युक्ती सांगू शकत नाही. ज्या खोलीत मुलगा जाणार, त्या खोलीत तिला प्रवेश नाही. तिच्या हाती आहे ते एवढेच, की दोन चमचे दही त्याच्या तळहातावर ठेवावे. ते घेण्यासाठी मुलाला हात पुढे करावा लागतो, क्षणभर थांबावे लागते, आईकडे पाहावे लागते. ‘मी तुझ्याबरोबर आहे,’ हे आपल्या घरांत तोंडाने बोलून दाखवायची रीत नाही. आपण ते दह्यात कालवून देतो. ही चाल मागासलेली म्हणून मोडून काढणाऱ्याने तिच्या जागी काय ठेवणार, तेही सांगावे.

माझा आक्षेप सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. दही देऊन झाले की हिशेब मिटतो. त्या बदल्यात काही मागितलेले नसते. नवसाचे तसे नाही. नवस हा करार आहे. ‘माझ्या मुलाला नोकरी लागू दे, मी अमुक करीन.’ तुकोबांनी नवसाची खिल्ली उडवली, ती उगाच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर नवस हे असे कर्ज आहे, की त्याच्या कागदावर सही आई करते आणि जामीनदार म्हणून नाव मुलाचे लागते. त्याला न विचारता.

आमच्या परिचयातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. मुलगा हुशार. अधिकारी व्हायचे म्हणून शहरात खोली घेऊन राहिला. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षेत गेला, तेव्हा आईने सोळा सोमवार धरले. दुसऱ्या वर्षी थोडक्यात हुकले, तेव्हा त्यांच्या जोडीला शनिवार आला. तिसऱ्या वर्षी ‘याचे काम होईपर्यंत मी गोड खाणार नाही,’ असे माउलीने ठरवले. बोलण्यात कुठेही राग नाही, तक्रार नाही, सगळे प्रेमानेच. पण परिणाम काय झाला? मुलगा दिवाळीला घरी येईनासा झाला. अभ्यासाचे कारण सांगे. खरे कारण त्याने एकदा मला सांगितले. ‘काका, घरी गेलं की आई सगळ्यांच्या पानात करंजी वाढते आणि स्वतःच्या पानात वाढून घेत नाही. त्या पानाकडे बघवत नाही.’ परीक्षेत नापास होणे हा एका दिवसाचा मामला असतो. आईच्या ताटातली रिकामी जागा त्याला वर्षभर दिसत होती. पुढे त्याने परीक्षांचा नाद सोडला आणि एका खासगी कंपनीत चांगल्या नोकरीला लागला. तेव्हाही घरात आनंदाआधी प्रश्न उभा राहिला, की हे ‘काम झाले’ असे धरायचे की नाही? गोड खायचे की नाही? करार अधिकारीपदाचा होता ना!

प्रेमाने केलेली गोष्ट ओझे होऊ शकते, हे आपण समजून घ्यायला तयार नसतो. त्यात अपयश आले की श्रद्धेचा हिशेब उलटा सुरू होतो. ‘मनापासून केले नसेल’, ‘उपास मोडला असेल’, ‘कुलाचार राहिला असेल’. परीक्षेत एकदा नापास झालेला मुलगा घरी येऊन भक्तीतही नापास होतो. अडीच लाख मुलांनी नवस केला आणि जागा अडीचशे असल्या, तर कोणत्याही देवाला तेवढ्याच मुलांना पास करता येईल, हे साधे त्रैराशिक घरात कोणी मांडत नाही.

आणि जिथे ओझे आहे, तिथे ते उतरवून देण्याचा धंदा करणारेही येतातच. पत्रिकेत राजयोग दडलेला आहे, फक्त अमुक रत्याचे रत्न घाला, असे सांगणारे पूर्वी गल्लीत असत. आता ते मोबाइलवर असतात. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे ‘वरपर्यंत ओळख आहे, काम करून देतो,’ म्हणणारा दलाल. ग्रामीण शाखेत असताना सोने तारण कर्जासाठी पाटल्या घेऊन आलेल्या आयांना मी कारण विचारत असे. काही जणी सांगत, काही जणी गप्प राहत. आणि गप्प राहिलेल्यांतल्या काहींच्या पाटल्या कधीच सुटल्या नाहीत. नशिबावर भिस्त ठेवायची सवय लागलेल्या घराला, नशीब विकणारा माणूस ओळखू येत नाही. देव आणि दलाल यांच्यातला फरक त्याला पुसट दिसू लागतो.

इथे काहींना वाटेल, मी अंधश्रद्धा निर्मूलनाचा झेंडा घेऊन निघालो आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर जो अखेर झाला, तो कायदा प्रदक्षिणेला, यात्रेला, देवळातल्या पूजेला हात लावत नाही. तसे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याचा रोख फसवणूक आणि अमानुषपणा यांच्यावर आहे. रेघ कुठे ओढायची, हे त्या कायद्याला कळले आहे. घरातही तीच रेघ ओढता आली तर पुरे.

ती रेघ मी अशी ओढीन. ज्या गोष्टीने मुलाचे मन हलके होते, ती ठेवावी. ज्या गोष्टीचा भार त्याच्यावर पडतो, ती सोडावी. दही ठेवावे, सुपारी ठेवावी, ‘येतो’ म्हणावे. मुलाला देवळात जावेसे वाटले तर जाऊ द्यावे. तासभर रांगेत उभे राहून, पुस्तकाबाहेरच्या चार माणसांची तोंडे पाहून तो परत येईल, त्यात वाईट काही नाही. मुलीला जावेसे वाटत नसेल तर ‘आमच्यासाठी तरी जा’ असा आग्रह धरू नये. तिच्या नावाने नवस बोलू नये. बोललाच असेल तर तिच्या कानावर घालू नये. आपले खाणेपिणे तिच्या निकालाला बांधू नये. आणि पैसे मागणाऱ्याला, मग तो ग्रहांच्या नावाने मागो की साहेबांच्या, दारातूनच परत पाठवावे.

पण घरांनी एवढे केले, तरी समुद्र शांत होत नाही. ते काम राज्य चालवणाऱ्यांचे आहे. पेपरफुटीविरुद्ध केंद्राचा कायदा २०२४ मध्ये आला. कायद्याने चोर पकडला जाईल, तेव्हा जाईल. तोवर एक साधी गोष्ट करण्यासारखी आहे. जाहिरात कधी, परीक्षा कधी, निकाल कधी, नेमणूक कधी, या चार तारखा आधी सांगायच्या आणि पाळायच्या. आम्ही बँकेत ठेवीची पावती देताना तिच्यावर मुदत संपल्याची तारीख लिहीत असू, आणि त्या तारखेला पैसे देत असू. खातेदार त्यासाठी देव पाण्यात ठेवत नसे. त्याला पावतीवर विश्वास होता. मुलांनी आपल्या वयाची पाच-सात वर्षे ज्या खिडकीत ठेव म्हणून भरली आहेत, त्या खिडकीतून त्यांना तारीख लिहिलेली पावती मिळण्याचा हक्क आहे. ती मिळू लागली, तर मंगळवारची रांग आपोआप थोडी आखूड होईल आणि जे रांगेत उरतील ते केवळ भक्तीने आलेले असतील. देवालाही ते बरे वाटेल.

जाता जाता घरातल्या मोठ्यांसाठी एक छोटी सूचना. दही-साखर आपण फक्त निघताना देतो. निकालाच्या दिवशी यादीत नाव नसेल, तर त्या संध्याकाळी घर गप्प असते. कोणी दूरदर्शनचा आवाज कमी करते, कोणी उगाच भाजी निवडत बसते, आणि मूल आपल्या खोलीत. त्या संध्याकाळीही हाक मारून त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवावी. बोलायची गरज नाही. सकाळी निघताना त्याला ‘येतो’ म्हणायला आपणच शिकवले होते, आणि तो आलेला आहे.